थॉर्नकॉटच्या रानातला बेल

मी 'आमचं रान' म्हणते तेव्हा माझी मुलं हसतात. त्यांनी मोठमोठी जंगलं पाहिली आहेत, तंबू ठोकून त्यात राहिली आहेत, अस्वलांचे फोटो काढून मला पाठवले आहेत. आमच्या घरामागचं रान या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला शेगडीवरच्या चहाला उकळी येण्याइतका वेळ लागायचा, तोही रेंगाळत चाललं तर. ओकची झाडं होती, बीचची होती, एक पडलेलं अक्रोडाचं झाड होतं आणि कडेनं एक ओहोळ वाहत होता. एवढंच. पण ते रान होतं, आणि ते कसं गेलं हे मला नीट माहीत आहे. ज्यांच्यामुळे गेलं, ती माणसं अजून इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसतात आणि 'निसर्ग आणि आपली संस्कृती' या विषयावर टाळ्या घेतात. बाकीची प्रकरणं मी शांत डोक्यानं लिहिली आहेत. हे तसं लिहायला मला जमणार नाही, आणि खरं सांगायचं तर जमवायचंही नाही.

अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरमधली आमची वस्ती बिल्डरनं इंग्लंडातल्या खेड्यासारखी सजवली होती. तो स्वतः कधी इंग्लंडला गेला होता की नाही, देव जाणे. वस्तीचं नाव थॉर्नकॉट. आम्ही शेफर्ड्स लेनवर राहायचो, पुढे मिल पॉन्ड कोर्ट होतं. मेंढपाळ नव्हता, गिरणी नव्हती, आणि तळं म्हणायचे तो पावसाचं पाणी साठवायचा खड्डा होता. घरांच्या मागे उरलेल्या झाडीला पाटीवर 'द कॉप्स' असं नाव दिलं होतं, म्हणजे इंग्लंडात खेड्याच्या शेजारी राखतात तसलं छोटं रान. माहितीपत्रकात निळ्या फुलांचा गालिचा पसरलेला फोटो छापला होता, तो नक्कीच तिकडचा असणार. गंमत अशी की एप्रिलमध्ये आमच्या ओहोळाच्या काठीही खरोखर निळी फुलं यायची. जात वेगळी, पण निळीच. बिल्डरला ते माहीतही नसावं.

रानाच्या पलीकडे अजून शेतं होती. मक्याचं एक, भोपळ्याचं एक, आणि एका शेतात तर नुसती हिरवळ पिकवायचे. ती चटईसारखी गुंडाळून ट्रकमधून नव्या वस्त्यांना जायची. आई पहिल्यांदा ते पाहून थक्क झाली होती. "गवत पेरतात, कापतात, विकतात, आणि गाय एकही नाही," असं तिनं मावशीला फोनवर सांगितलेलं मला आठवतं. मक्याच्या शेताच्या कोपऱ्यावर डोरोथीबाईंची भाजीची टपरी होती. 'डोरोथीबाई' हे आईनं ठेवलेलं नाव. त्या ऐंशीच्या घरातल्या, उंच, हाडकुळ्या, पुरुषी बूट घालणाऱ्या बाई. थॉर्नकॉट ज्या जमिनीवर उभं राहिलं ती एके काळी त्यांच्या सासऱ्यांची. रान का उरलं हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. तो कोपरा असा अडचणीचा होता की तिथे ट्रॅक्टर वळत नसे, म्हणून तीन पिढ्यांनी तो तसाच सोडून दिला.

आमचं घर त्या गल्लीतलं सगळ्यात टोकाचं. सकाळी गॅरेजचं दार घरघरत वर जायचं, बाबा स्टेशनकडे निघायचे, आणि गाडी गेली की घर एकदम मुकं व्हायचं. मग डिशवॉशरची गुरगुर, लांबून येणारी आगगाडीची शिट्टी आणि आईच्या फोडणीचा आवाज. आई रत्नागिरीकडची. पुण्यात ती शाळेत भूगोल शिकवायची. मुलं तिला टरकून असत. इथे आल्यावर तिच्या पासपोर्टवर जो व्हिसा लागला त्याला 'डिपेंडंट' म्हणतात. नवऱ्याला नोकरी करायची परवानगी, बायकोला घरात बसायची. गाडी एकच, तीही बाबा स्टेशनवर ठेवायचे. रस्त्याला फुटपाथ नाही, बस नाही, दुकान नाही. ज्या बाईच्या एका हाकेसरशी चाळीस पोरं रांगेत उभी राहायची तिला इथे स्वतःच्या पायांनी जाता येईल अशी जगात एकच जागा होती, आणि ती म्हणजे मागचं रान. हे एवढ्यासाठी सांगते आहे की, त्या रानात काय एवढं ठेवलं होतं, असं मला आजही लोक विचारतात.

पहिल्याच उन्हाळ्यात रानानं आईला धडा शिकवला. अक्रोडाच्या खोडावर चढलेली एक वेल तिनं उघड्या हातांनी बाजूला केली आणि दोन दिवसांनी कोपरापर्यंत फोड आले. पाण्यानं भरलेले, रेघोट्या ओढल्यासारखे. रात्रंदिवस खाज. ती वेल म्हणजे पॉयझन आयव्ही. इथल्या मुलांना ती पहिलीतच ओळखायला शिकवतात. आम्हाला कोण शिकवणार? डोरोथीबाईंनी टपरीवरून आईचे हात पाहिले, तिला ओढतच ओहोळाच्या काठी नेलं आणि तिथली एक रसाळ दांड्यांची वनस्पती मोडून तिचा रस हातांवर चोळला. आई हाताची आग विसरून त्या झाडाकडेच बघत राहिली. नारिंगी, शेपटीवाली फुलं. तिनं एका शेंगेला बोट लावलं आणि शेंग टचकन फुटून बी उडालं. "मुग्धा, अगं तेरडा," ती मला म्हणाली. तिचा आवाज असा झाला होता, की डोरोथीबाईंना वाटलं बाई दुखण्यानं रडते आहे.

तेव्हापासून आमच्याकडे गौरी आल्या त्या त्या ओहोळाच्या काठावरून. आईच्या माहेरी गौर तेरड्याची असते. रोपं मुळांसकट आणायची, कारण ती मुळं म्हणजेच गौरीची पावलं. पुण्यात असताना ती मंडईतून जुडी विकत आणायची आणि नाक मुरडायची, मुळं तोडलेली आहेत म्हणून. अमेरिकेत तिला पावलांसकट गौर मिळाली. मंडळातल्या बायका हळदीकुंकवाला येत, त्या अमेरिकन तेरड्याचे फोटो काढत. आई त्यांना घावन-घाटलं वाढायची आणि सांगायची की हा इथलाच आहे, आपल्याकडच्याचा चुलत भाऊ. मी आईला या देशात तशी उजळलेली फक्त त्या दोन दिवसांत पाहिली.

एका वसंतात तिनं मंडळातल्या सगळ्या बायकांना रानात फिरवून आणलं. शाळेची सहल काढावी तशी. मी बरोबर होते. अक्रोडाशी थांबून तिनं ती वेल लांबून काठीनं दाखवली. "नीट बघून ठेवा. तीन पानं एकत्र, मधलं जरा लांब दांड्याचं. हिला हात लावायचा नाही. आपल्याला ती बेलासारखी वाटते, तिथेच आपण फसतो." हे शब्द मला जसेच्या तसे आठवतात, कारण पुढे ते मला पुष्कळदा म्हणावे लागले. शैलाकाकू अगदी पुढे उभ्या होत्या. त्यांनी कॅमेऱ्यानं त्या वेलीचा फोटोही काढला आणि म्हणाल्या, "हाऊ इंटरेस्टिंग ना, विद्या. तू एकदम गाइडच झालीस यार."

शैलाकाकू मंडळाच्या सर्वेसर्वा. मूळच्या पुण्याच्या, घर थॉर्नकॉटच्याच पुढच्या बाजूला, मोठं. गणपतीची मूर्ती कुठून आणायची इथपासून कुणाच्या मुलीनं अरंगेत्रमला कोणता रंग नेसायचा इथपर्यंत सगळं त्या ठरवत. त्यांचे यजमान प्रकाशकाका बाबांच्या कंपनीत बाबांचे वरिष्ठ, आणि आमच्या ग्रीन कार्डाचे कागद त्यांच्याच सहीनं पुढे सरकत होते. इथे राहिलेल्या कुणालाही मी या वाक्याचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही. शैलाकाकूंच्या घरी आमंत्रण असलं की बाबा शर्टाला स्वतः इस्त्री करायचे.

त्या वर्षी श्रावणी सोमवारची रुद्राची पूजा त्यांच्याकडे होती. श्रावणी सोमवार अर्थातच रविवारी. इथे देवालाही वीकएंड बघूनच बोलावतात. गुरुजी म्हणजे आठवडाभर डेटाबेस सांभाळणारे नागपूरचे एक गृहस्थ. सगळी तयारी झाली आणि ऐन वेळी काकूंच्या लक्षात आलं की एडिसन गावच्या भारतीय दुकानातून मागवलेला बेल काळा पडून सुकून गेलाय. शंकराला बेल नाही, आणि घर पाहुण्यांनी भरायच्या बेतात. तेव्हा काकू टोपली घेऊन मागच्या दारानं रानात गेल्या आणि टोपली भरून, हिरवीगार, चकचकीत, त्रिदळं घेऊन आल्या. बायकांनी ती धुऊन पुसली, पुरुषांनी पिंडीवर वाहिली, लहान मुलांच्या हातांत एकेक पान देऊन त्यांना नमस्कार करायला लावला. एवढी शिकलेली माणसं. त्यांतली निम्मी पीएच.डी. पान तीन दळांचं आहे एवढं पुरलं. त्यांना ते पान ओळखीचं वाटलं, आणि परदेशात काही ओळखीचं दिसलं की आमची माणसं पुढचं काही विचारतच नाहीत.

आईला आणि मला पोचायला उशीर झाला, कारण आई नैवेद्याची खीर करत होती. आम्ही गेलो तेव्हा आरती संपून जेवणाची पानं मांडली जात होती. स्वयंपाकघरात काकूंनी आईच्या हातात एक पिशवी दिली. "विद्या, हे निर्माल्य आहे गं. गार्बेजमध्ये कसं टाकायचं? तू जातेसच ना रानात, तिथे कुठल्यातरी झाडाखाली ठेवून ये." आईनं पिशवीचं तोंड उघडलं, हात घातला आणि एक पान बाहेर काढलं. मी तिच्या शेजारीच उभी होते.

"शैलाताई, हे कुठून आणलंत?"

"मागून. का?"

"हा बेल नाहीये. ती वेल आहे, मी दाखवली होती ती. आत्ताच्या आत्ता सगळ्यांना साबणानं हात धुवायला सांगा. लगेच धुतलं तर फारसं होणार नाही."

काकूंनी दाराकडे पाहिलं. बाहेर पंगत बसत होती, प्रकाशकाका श्लोक म्हणत होते. "आत्ता नको गं पॅनिक करूस," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "सगळे जेवायला बसलेत. मी तोडली ना ती पानं, बघ माझे हात, काही झालंय का? तुझी स्किन सेन्सिटिव्ह आहे. आणि देवाला वाहिलेल्याला असं बोलू नये." आणि त्या वरणाचं भांडं उचलून बाहेर गेल्या.

आईनं तिच्या परीनं जे करता येईल ते केलं. ती न्हाणीघराच्या दारात साबण घेऊन उभी राहिली आणि दिसेल त्या मुलाला पकडून त्याचे हात धुवायला लावले. मोठ्यांनाही सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "हो वहिनी, जेवण झालं की धुतोच." दुसऱ्याच्या घरी, दुसऱ्याच्या पूजेत, यजमानीण नको म्हणत असताना याहून अधिक काय करायचं असतं, ते मला कुणीतरी सांगावं.

तिसऱ्या दिवशी फोन सुरू झाले. गुरुजींचे हात बोटांपासून मनगटापर्यंत सुजले. पाहुण्यांपैकी दोघं ऑफिसला जाईनात. काकूंची सानिका सात वर्षांची. तिनं ते पान डोळ्यांना लावून नमस्कार केला होता. तिचे डोळे सुजून पार मिटले आणि तिला इमर्जन्सीत न्यावं लागलं. आईच्याही दोन्ही हातांवर फोड आले, निर्माल्याच्या पिशवीत हात घातला आणि मुलांचे हात धुवायच्या नादात स्वतःचे धुवायचे राहिले म्हणून. आणि शैलाकाकूंना काहीही झालं नाही. काही माणसांना त्या वेलीची बाधा होतच नाही, हे मला पुढे कळलं. त्यांचे हात लोण्यासारखे स्वच्छ. त्याच हातांनी त्यांनी घराघरांत फोन केले आणि सांगितलं की बेल विद्यानं आणून दिला होता, ती म्हणाली इथला बेल असाच असतो. "आता तीच सारखी रानात जाते, मला वाटलं तिला कळत असेल. आणि मी तोडला असता तर आधी मलाच झालं असतं ना? तिचे हात बघा जाऊन." मंडळातल्या माणसांनी आईचे हात बघितले. त्यांना तेवढं पुरेसं झालं.

मी हे लिहिताना माझी बोटं आजही जोरात पडतात. खोटं बोलणं मी एक वेळ समजू शकते. पोर आजारी पडलं, माणूस घाबरतं, तोंडातून काहीतरी जातं. पण त्या बाईनं ते परत परत, शांतपणे, जेवणावळींत बसून सांगितलं, आणि ज्या बायकांना आईनं काठीनं वेल दाखवली होती त्यांच्यापैकी एकीनंही म्हटलं नाही की अहो, विद्यानं तर आपल्याला हिला हात लावू नका असं सांगितलं होतं. एकीनंही नाही. सगळ्यांचे नवरे कुठे ना कुठे कुणाच्या ना कुणाच्या हाताखाली होते.

आईनं बाबांना सांगितलं, "मी प्रत्येकाला फोन करून खरं काय ते सांगणार आहे." बाबा सोफ्यावर बसले होते. टीव्ही चालू होता, त्यांनी तो बंद केला. "विद्या, थोडे दिवस जाऊ देत. कागद आत्ता कुठल्या स्टेजला आहेत तुला माहितीये. प्रकाशरावांनी नुसता उशीर केला तरी आपण संपलो. मुग्धाचं कॉलेज तोंडावर आलंय. लोक विसरतात गं." आई हातावर औषध लावत म्हणाली, "लोकांना माझ्याबद्दल काय म्हणायचं ते म्हणू देत. पण रानाचं नाव कुणी काढलं तर मी गप्प बसणार नाही." बाबा म्हणाले, "रानाचा काय संबंध?" इतकं बाबांना समजत नसेल असं मला वाटत नाही.

संबंध लगेच दिसला. वस्तीच्या असोसिएशनचे अध्यक्ष वॉल्टर म्हणून एक गृहस्थ होते. त्यांना आणि अजून काहींना कित्येक वर्षं त्या जागेवर टेनिस कोर्ट आणि जादा पार्किंग हवं होतं, आणि दर वेळी मतं कमी पडत होती. आमच्या माणसांची घरं वस्तीत बरीच झाली होती, पण आमचे लोक सभेला जात नसत. आता काकू स्वतः सगळ्यांना सांगत सुटल्या की रान धोक्याचं आहे, मुलांचा प्रश्न आहे, सगळ्यांनी यायलाच हवं. जन्मभर ती वेल ओळखणारा, तिच्या शेजारी पोरं वाढवलेला वॉल्टर अचानक तिच्याबद्दल कळवळून बोलायला लागला. बेल तोडणारे हात झाकायचे तर बेल जिथे वाढला ती जागाच वाईट ठरवणं सोपं, हे काकूंना बरोबर उमगलं होतं.

मध्ये गौरी आल्या. आईनं हातांना पट्ट्या बांधून तेरडा आणला, मुखवटा बसवला, माहेरची हिरवी साडी नेसवली. घावनांचं पीठ भिजवलं, घाटलं केलं, वाट्या मांडल्या. मंडळातलं कुणी आलं नाही. फोनही नाही. संध्याकाळी दार वाजलं तेव्हा आई पदर सावरत धावत गेली, तर दारात डोरोथीबाई होत्या, हातात टोमॅटोची परडी. आईनं त्यांना गौरीसमोर बसवून हळदीकुंकू लावलं. त्यांनी चार घावन घाटल्यात बुडवून खाल्ले, आपल्या कपाळाला हात लावून कुंकू बोटावर पाहिलं आणि इतकी सगळी पानं कुणासाठी मांडली आहेत, असं विचारलं. आई म्हणाली, "फॉर माय फ्रेंड्स." मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडले. रागानं रडले.

सभा क्लबहाउसमध्ये झाली. आमची सगळी माणसं आली होती, एका बाजूला बसली होती. नियम असा की एका घराला एक मत, आणि आमचं घर बाबांच्या नावावर. वॉल्टरनं पडद्यावर सानिकाच्या सुजलेल्या डोळ्यांचा फोटो दाखवला. काकूंनीच दिला होता. मग म्हणाला की एका रहिवाशानं अज्ञानापोटी ही विषारी पानं मुलांच्या हातात दिली, दोष कुणाला द्यायचा नाही, पण असं पुन्हा होऊ नये. सगळ्या माना आमच्याकडे वळल्या. आई उठायला लागली. बाबांनी तिच्या मनगटावर हात ठेवला. पट्टीवरच. तिनं बाबांकडे पाहिलं, आणि ती बसली.

मी उठले. सोळा वर्षांची होते. मी इंग्रजीत म्हटलं की माझ्या आईनं कुणालाही पानं दिली नाहीत. तिनं या बायकांना ती वेल दाखवून हात लावू नका असं सांगितलं होतं, आणि पूजेच्या दिवशी सगळ्यांना हात धुवायला सांगा असं हिला बजावलं, तेव्हा हिनं ते उडवून लावलं. आणि मी शैलाकाकूंकडे बोट दाखवलं. काकू हातातल्या बांगड्या सारख्या करत होत्या. वॉल्टर फार गोड हसला. "थँक यू, स्वीटहार्ट. पण इथे फक्त घरमालकांना बोलता येतं." मागच्या रांगेतून कुणीतरी मराठीत म्हणालं, "काय वळण लावलंय पोरीला." आणि मग वॉल्टरनं रान तोडायच्या बाजूनं हात वर करायला सांगितलं. आमच्या माणसांचे हात एकदम वर गेले. मी बाबांच्या हाताकडे बघत होते. तो मांडीवर होता. मग प्रकाशकाकांनी मान वळवून पाहिलं, आणि तो हात वर गेला.

बाबा जाऊन आता काही वर्षं झाली. चांगले होते, माझ्यासाठी त्यांनी फार सोसलं, ते मी इतरत्र लिहिलं आहे. पण त्या हाताबद्दल मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि आता करून त्यांना कळणारही नाही. ग्रीन कार्ड आलं म्हणाल तर आलं, सगळ्यांचं आलं तसंच, आपल्या रांगेनं.

ऑक्टोबरात यंत्रं आली. ओक पडताना घराच्या काचा थरथरायच्या. आई त्या दिवसांत मागचे पडदे उघडेच ठेवायची. बाबा ओढायचे, ती परत उघडायची. ओहोळ तेवढा सरकारी नियमानं वाचला. तो आता दोन कुंपणांच्या मधून वाहतो आणि त्याच्या काठावर औषध फवारतात. परवा मी तिथून गेले, तर टेनिसच्या जागी पिकलबॉल नावाचा नवा खेळ आलाय. दिवसभर टॉक टॉक चालतं. खेळणाऱ्यांत निम्मी आमचीच माणसं.

शेवटचं झाड पडलं आणि लगेच दिवाळी आली. आईनं तिचा सगळा फराळ केला, जरा जास्तच केला. ओट्यावर लाडवांचं पातेलं, चकल्यांचा डबा, चिवडा गार व्हायला पसरलेला. पाडव्याच्या सकाळी दारात शैलाकाकू उभ्या. जरीची साडी, हातात स्टीलचा मोठा डबा. बाबा लगबगीनं उठले. काकू आत येऊन बसल्या, डबा टेबलावर ठेवला. "अनारसे आहेत गं, तुला आवडतात ना. हे बघ विद्या, झालं ते झालं. आपणच इथे एकमेकांना, आणखी कोण आहे? तिथे पार्किंगच्या बाजूला दोन बाकं ठेवणारेत. मी वॉल्टरला म्हटलंय, एकाला विद्याचं नाव द्या. तुला आवडायचं ना ते सगळं."

आईनं डबा उचलला, स्वयंपाकघरात नेला आणि अनारसे एका ताटात काढले. मग डबा साबणानं घासला, धुतला, पंचानं आतून बाहेरून कोरडा केला, झाकण घट्ट लावलं आणि बाहेर येऊन काकूंच्या हातात दिला. काकूंनी तो हसत घेतला, आणि हातात घेताक्षणी त्यांचं हसू गेलं. ऐन दिवाळीत सवाष्णीला रिकामा डबा कुणी परत देत नाही. घरात काही नसेल तर चिमूटभर साखर तरी घालतात.

"अगं, रिकामाच दिलास," काकू म्हणाल्या.

"हो," आई म्हणाली. "रिकामाच आहे."

खोलीभर नुकत्या तळलेल्या चकल्यांचा वास होता. बाबा कसंनुसं हसले आणि म्हणाले, "विद्या, विसरलीस वाटतं. चार लाडू घाल ना त्यात."

आई त्यांच्याकडे वळली. सभेच्या दिवसापासून तिनं त्यांच्याकडे असं सरळ पाहिलं नव्हतं. "तुम्ही घाला," ती म्हणाली. "त्या दिवशी तुमचा हात गेलाच की वर. आज जरा पुढे करा."

बाबा जागचे हलले नाहीत. काकू उठल्या, डबा छातीशी धरून दारापर्यंत गेल्या, चपला घालताना त्यांना तो कुठे ठेवावा कळेना. आईनं दार उघडून धरलं आणि त्या गाडीत बसून जाईपर्यंत ती उंबऱ्यात उभी राहिली.